जात्यावरचा कॉम्प्युटर

पोशेरा गावातल्या घरात जमिनीला ओल येते, म्हणून रूपेशने कॉम्प्युटरचा डबा आईच्या जात्यावर ठेवला होता. "जात्यावर असं ओझं ठेवू नये रे," एवढंच त्याची आई जिजा म्हणाली होती. तो हसला होता.

हल्ली डबा घरघरायला लागला. पंख्यात धूळ बसली असेल, म्हणून त्याने जव्हारहून दुरुस्तीवाल्या प्राजक्ताला बोलावलं. तिने झाकण उघडून ब्रश फिरवला आणि बोटाला लागलेलं हुंगून पाहिलं.

"दादा, ही धूळ नाही. नागलीचं पीठ आहे."

रूपेश ओशाळला. "जुना दगड आहे तो. कुणी दळत नाही त्यावर," तो तिच्याकडे न बघताच पुटपुटला.

प्राजक्ताने वायर काढली. पंखा थांबला. घरघर थांबली नाही.

तिने डबा उचलून खाटेवर ठेवला. जातं फिरत नव्हतं, तरी त्याच्या कडेने ताजं पीठ झरत होतं.

जिजा सूप घेऊन आली आणि खाली बसून पीठ भरू लागली, रोजच्यासारखी.

"आई, हे काय?"

तिने मान वर केली नाही. "कणगीतली नागली कधीच सरली रे. भाकर कशाची खातोस, कधी विचारलंस?"