भिंतीवरचा चौकोन

कुमुदताईंची नजर भिंतीवरच्या चौकोनावर अडकली. भिंत धुराने पिवळी पडलेली, तेवढाच चौकोन कोरा. फरशीवर चार गंजके ठसे.

कॉलेजला निघालेल्या मुलींना संस्थेची मदत मंजूर करण्याआधी त्या घर बघायला जात. शेजाऱ्यांकडे फ्रिज लपवून गरिबी मांडणारी घरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

“फ्रिज कुठे हलवलात?”

मुलीच्या आईने मान खाली घातली. झालं! कुमुदताई तरातरा शेजारच्या घरात शिरल्या. आत दोन फ्रिज! एक घरघरत होता, दुसरा चादर पांघरून बंद.

“सापडला का चोरीचा माल?” शेजारीण हसली. “विकत घेतलाय मी. त्यांच्या पोरीचा हॉस्टेलचा पहिला हप्ता भरायचा होता, आई उसने पैसे घेईना.”

“मग वापरत का नाही?”

“पोरगी नोकरीला लागली की परत न्यायचाय त्यांना. जुना कशाला करू?” तिने आवाज खाली आणला. “ताई, पुढच्या वर्षी माझीही पोरगी अर्ज करेल. तेव्हा दोन मोजू नका हं!”

“एकच मोजेन,” म्हणत कुमुदताईंनी मुलीच्या फॉर्मवर फ्रिजपुढे ‘नाही’ लिहिलं.