सैल बाही

"तुमच्या नगरसेवकाला दहापैकी किती मार्क द्याल?" करुणाताईंनी विचारलं.

सगीराच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून उत्तराला जरा उशीर झाला. तिने टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि दोन बोटं वर केली.

"दोनच?"

"एक लग्नाला आला त्याचा, एक मय्यतीला आला त्याचा. पाण्याच्या नावानं भोपळा."

करुणाताई हसल्या नाहीत. एरवी या वाक्यावर गिऱ्हाईक हमखास हसायचं.

सगीराचं घर पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत. टाकी भरून वाहू लागली की आवाज थेट तिच्या शिलाई मशीनपाशी यायचा, पण गल्लीत नळ म्हणून नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. मशीन मारून मारून सगीराचे गुडघे गेले होते. त्यामुळे टँकरच्या दिवशी तिची लेक माहनूर कॉलेज बुडवून ड्रम भरायची. पोरगी नर्सिंगला होती. हजेरी आणखी घसरली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजनं बजावलं होतं. त्या विचारानं सगीराची झोप उडाली होती.

निवडणुकीत अभयभाऊ गल्लीत दारोदार हात जोडत फिरले होते. बॅनरवर भाऊंचा चेहरा दाराएवढा आणि खालच्या कोपऱ्यात कुणाकुणाचे तिकिटाएवढे. "टाकीमागच्या गल्लीला पहिला नळ," असा त्यांचा शब्द होता. सगीराने चिन्ह पाहिलं आणि बटण दाबलं. निकालाच्या दिवशी गुलालात भाऊंचा शर्ट ओळखू येत नव्हता.

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?" करुणाताई म्हणाल्या.

"सांगते ना. भेटले की म्हणतात, 'सगीराभाभी, काम झालंच समजा.' समजून समजून हंडे कोरडे पडले आमचे."

"सभेत बोलतात का ते?"

"अल्ला जाने. सभा कुणी बघितली?"

"बघता येते. वर गॅलरी असते लोकांसाठी. सोमवारच्या सभेत या गल्लीच्या पाण्याच्या लाइनीचा विषय आहे म्हणतात."

सगीराने तिच्याकडे निरखून पाहिलं. ही बाई उन्हाचा स्कार्फ तोंडाला गुंडाळून स्कूटीवर यायची, मुख्य रस्त्यापलीकडच्या कॉलनीतून. एकाच जांभळ्या ब्लाउजसाठी तिची ही तिसरी खेप. दर वेळी बाहीची तक्रार काढायची आणि नळाच्या गोष्टी ऐकत बसायची. भाऊंच्या विरोधकांनी धाडली की काय, असा सगीराला दाट संशय होता. धाडली असेल तर बरंच, असं म्हणून तिने काही हातचं राखलं नाही.

"बाही अजून सैल करा," करुणाताई म्हणाल्या. "हात वर केला की ओढतं."

"एवढा हात कशाला वर करता? शाळेत शिकवता का?"

"नाय हो. मीच शिकतेय अजून."

मापं घेताना माणूस कळतं, असं सगीरा छातीठोक सांगायची. या बाईचं माप तिने पहिल्याच दिवशी घेतलं होतं. बाई भित्री, खांदे आत ओढून उभी राहणारी. तरी तिने बाही उसवली, आतलं कापड सोडलं आणि पुन्हा शिवली.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर सगीरा माहनूरला घेऊन रिक्षानं महापालिकेत गेली. या वेळी नगरसेवकाला मार्क द्यायचे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून. गुडघे धरत ती गॅलरीचे जिने चढली. खाली मोठं सभागृह, माइक लावलेली बाकं, बायाही बऱ्याच बसलेल्या. सगळ्यांच्या पाठी गॅलरीकडे आणि त्यात भाऊ कुठंच दिसेनात.

"अम्मी, ते बघ," माहनूर कुजबुजली.

अभयभाऊ गॅलरीतच होते, दोन रांगा पुढं, शेंगदाणे खात.

"खाली बसायचं सोडून हा इथं काय करतोय?" सगीरा म्हणाली. तिने मनातल्या मनात लग्नाचा मार्क कापला.

विषय पुकारला गेला. टाकीमागच्या गल्लीची लाइन पुढं ढकलावी आणि तो पाइप आधी हायवेलगतच्या नव्या प्लॉटिंगला द्यावा, असा ठराव होता. त्या प्लॉटिंगच्या कमानीवर भाऊंच्या मेहुण्याचं नाव तिने वाचलं होतं.

"या वॉर्डातून कुणाची हरकत?" महापौरांनी विचारलं.

भाऊंनी शेंगदाणे खिशात टाकले आणि कठड्यावरून वाकून तळहातानं खाली दाबल्यासारखा इशारा केला. गप्प बसा, असा. कुणाला, ते सगीराला दिसलं नाही.

"हरकत नसेल तर ठराव..."

सगीरा उठली. गुडघे कुरकुरले. इथून ओरडलं तर बाहेर काढतील, एवढं तिला कळत होतं. काढू देत. पोरीचं वर्ष जायला निघालं होतं. माहनूर तिचा हात ओढत असताना तिने तोंड उघडलं.

आवाज फुटायच्या आधीच खाली एक हात वर गेला.

सगीराने आधी बाही ओळखली. जांभळी, कडेला तिनेच लावलेली पिवळी पायपिंग. हात पार सरळ वर होता, खांदे ताठ होते आणि बाही कुठंच ओढत नव्हती.

भाऊंचा तळहात हवेतच राहिला.

"बोला," महापौर म्हणाले, "नगरसेविका सौ. करुणा अभय साळवे."