शेवटचा घोट

“पाळकसाहेब, मुक्ताबाई प्याला नेहमी शेवटीच का घेतात?”

तबीथानं विचारून टाकलं आणि खिडकीकडे चोरून पाहिलं. बाहेर मेहमुदा तोंडावर ओढणी दाबून उभी होती. पैज तिनंच लावली होती. बेकरीवाल्या इब्राहिमभाईंची ही मुलगी. प्रभुभोजनाचा पाव त्यांच्याच भट्टीतून यायचा, आणि तो पोचवता पोचवता मेहमुदानं दारातून सगळं पाहून ठेवलं होतं. “आमच्यात बघ, एका थाळीत सगळ्यांचे हात,” ती शाळेत म्हणाली होती. “तुमचा म्हणे एकच प्याला. मग त्या गवतवालीच्या नंतर कुणीच कसं पीत नाही गं? विचार की तुमच्या पाळकांना. नाहीच विचारणार! पंचाची लेक तू, तुझी काय छाती!”

छाती? तबीथाला पंधरावं संपत आलं होतं. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, एकवीस वचनं, ती एका दमात म्हणायची. उद्या ती पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसणार होती, पहिल्या रांगेत, आईशेजारी. भितेय कोण!

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “नम्रता, मुली. शेवटचे ते पहिले होतील. शिका त्यांच्याकडून.”

उत्तर इतकं छान होतं, की पैजेची गुडदाणी घ्यायलाही तबीथा थांबली नाही. हे मुक्ताबाईंना सांगायलाच हवं. ती तडक वलवणच्या वाटेला लागली.

मुक्ताबाई धरणाखालच्या उतारावर गवत कापत होत्या.

“मावशी, पाळकसाहेब म्हणाले, तुमच्यासारखी नम्रता अख्ख्या मंडळीत नाही!”

विळा थांबला. मुक्ताबाई हसल्या. दात थोडे, हसू मोठं.

“नम्रता कसली गं बाय? मला म्हनलं मागं बस, मी बसले.”

“कोण म्हणालं?”

“जाऊ दे. मानमोडी सरल्यावर बाप्तिस्मा घेतला, त्येच्या पयल्या ऐतवारी मी फुडं बसलेवते. माज्या हातनं प्याला शेजारनीकडं गेला. तिनं ओठ न्हाई लावला, तसाच फुडं सारला. मंग कुनीच न्हाई लावला. सांच्याला पंच घरी आलं. म्हनलं, बाई, देवाला समदे सारखे, पर तुमची मागली जात लोकांच्या मनातून जात न्हाई. मंडळी फुटंल.”

तबीथाचे कान गरम झाले. मुक्ताबाई? मानमोडी तापाच्या साथीत सख्ख्या नातलगांनी दारं लावून घेतली, तेव्हा घराघरांत शिरलेली ही एकटी बाई. सहा वर्षं झाली त्याला. तबीथा तापानं फणफणून चटईवर पडली होती. धाकट्या भावाला, शमुवेलाला, शेवटची आंघोळ घालणारे दोन काळे हात तिला अजून दिसायचे. तेच हात मग आईच्या तोंडाशी पेजेची वाटी धरायचे.

“पण मानमोडीत तर तुम्ही आमच्याकडं...”

“तवा कुनी न्हाई म्हनलं, मागं बस.”

“मग येता कशाला मावशी देवळात?”

“त्या वरच्यासाठी येते. पंचांसाठी व्हय? आन् तळाला उरल्यालं समदं माजंच की!” मुक्ताबाईंनी भारा डोक्यावर घेतला आणि त्या चालू लागल्या.

परत येताना तबीथानं मोजलं. पंच तीन. नथूकाका, कोंडाजीमामा आणि बाबा. नथूकाका असतील. कोंडाजीमामा असतील, त्यांचा स्वभावच तसला. देवा, बाबा नकोत.

घरी दिवेलागण झाली होती. आई तबीथाच्या उद्याच्या पांढऱ्या साडीची किनार शिवत बसली होती. बाबा, रेल्वेच्या शेडमधले फिटर महिपती, दर महिन्यासारखा मंडळीचा प्याला राखेनं घासत होते. मग फडक्यानं कड पुसत होते. गोल गोल. पुन्हा पुन्हा.

“पाठ आहे ना गं? म्हण बघू.”

तबीथानं सुरुवात केली. पहिलं वचन, पाचवं, बारावं. आज दम पुरत नव्हता. एकोणिसावं झालं. विसाव्याला ती अडली.

“विसरलीस? अगं, डोळ्यांसमोरच्या भावावर ज्याची प्रीती नाही, तो न दिसणाऱ्या...” बाबा सांगू लागले. मुलीच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं, आणि तेही अडले.

“बाबा, मुक्ताबाईंना मागं बसायला कोण सांगून आलं?”

फडकं थांबलं. बाहेर घाट चढून आलेलं इंजिन धापा टाकत होतं.

“मंडळी फुटली असती, तबी. तुला नाही कळायचं.”

“आणि त्या दिवशी त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं?”

बाबा पुन्हा कड पुसू लागले. उत्तर आईनं दिलं. मान खाली, सुई बोटात रुतलेली, पांढऱ्या साडीवर रक्ताचा एक ठिपका.

“मी. प्याला तोंडापर्यंत नेला गं. ओठच उघडेनात.”

तबीथाला ओरडायचं होतं. शमूला आंघोळ कुणी घातली? तुला पेज कुणी पाजली? पण आईच्या खांद्यांकडे पाहून तिला कळलं, की हे प्रश्न आई सहा वर्षं रोज ऐकते आहे. तिनं बाबांच्या हातातून प्याला घेतला. कड आरशासारखी लखलखत होती.

“आई, साडी राहू दे तशीच, डागासकट नेसेन. बाबा, उद्या मी पुढं बसणार नाही. मागच्या भिंतीला टेकून बसेन, मुक्ताबाईंच्या पलीकडं. त्यांनी ओठ लावला की प्याला माझ्याकडं येईल. पुसू नका. शेवटचा घोट मी घेणार आहे.”