खारो वारो विरुद्ध देवचार

देवचाराची तिसरी क्लिप सकाळी आली आणि अरशद उठायच्या आत अर्ध्या वस्तीने ऐकलीसुद्धा.

"खारो वारो कसलो? सुकटीचो वास ह्यो!" मशीनने जाड केलेला आवाज खिदळत होता.

प्रीतम पिसाळला. "ह्येका आता सोडूचो नाय."

बर्फाच्या कारखान्यामागच्या या वस्तीत पोलीस यायचे, पोस्टमन नाही. अरशद आणि प्रीतम तिथलेच. 'खारो वारो' ही त्यांची जोडी. डिझेलचोरी, मारामाऱ्या, लाठ्या, सगळं रॅपमध्ये, शिव्यांसकट. शिव्यांचं शिक्षण मासळी बाजारात फुकट झालेलं. अरशदची आई बदरुन्निसा आणि प्रीतमची आई जानकी शेजारी बसून एकमेकींचा असा उद्धार करायच्या की गिऱ्हाईक जागच्या जागी थांबायचं. फक्त आई काढायची नाही, हा दोघींचा नियम. दुपारी चहा एकाच किटलीतला.

वर्षभर जोडीला कुत्रंही विचारत नव्हतं. व्हिडिओ अरशदची बहीण शिफा बनवायची, बघायचीही तीच. बाप हसनने सांगून टाकलं होतं, "नारळी पुनवेपर्यंत काय झालां तर बरां. नायतर माझ्यावांगडा होडयेत चल." त्यात गावची वेस राखणाऱ्या देवचाराचं नाव लावून हा कोण बुवा शिव्या देत उगवला. दुष्काळात तेरावा महिना.

पण यांनी उत्तर दिलं, त्याने परत दिलं, आणि कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पोरं बाजू घेऊन भांडू लागली. कुडाळच्या कार्यक्रमाला मुंबईच्या कंपनीची माणसं येणार, असा निरोप आला.

निघताना बदरुन्निसा म्हणाली, "गाळी दी होयो तितक्यो. पण कोणाची आवस काढू नको."

"अम्मी, ह्यो रॅप आसा. तुझो मासळी बाजार न्हय."

कुडाळला अरशदने देवचाराची आई काढली. कुशीपासून चुलीपर्यंत काढली. मैदान पेटलं.

"हिंमत आसा तर ये हंय!"

कोणी आलं नाही. कंपनीने तिथल्या तिथे करार केला. होडी टळली म्हणून अरशद प्रीतमच्या गळ्यात पडून चक्क रडला.

सकाळी दोघे धावत घरी आले. बदरुन्निसा आणि जानकी ओट्यावर बांगडे साफ करत होत्या. दोघींनी मान वर केली नाही. चहाही नव्हता.

"अम्मी, कंपनीन घेतल्यान आमका!"

"आयकलंय. बरां झालां." बदरुन्निसाने विळी बाजूला सारली. "पण माझी आवस कित्याक काढलंस रे? तुझी आजी ती."