भावाने बघायचं नसतं

दवाखान्याच्या पलंगावर कोण झोपलंय ते दिसलं आणि डॉक्टर सेमिसी आल्या पावली मागे फिरला.

“अरे, पळतोस कुठे?” लोसेली ओरडली.

तो दाराबाहेरूनच नर्सशी बोलला. “आकेसा, ही माझी ताई. मावशीची मुलगी. मला नाही जमायचं. गुरुवारच्या बोटीने डॉक्टरीणबाई येतील, त्या बघतील.”

आमच्या टोंगा बेटांवर मावसबहीण म्हणजे सख्खीच. जाणते भाऊबहीण एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघत नाहीत. तिथे भावाने बहिणीचं पोट तपासायचं म्हणजे कहरच!

पण लोसेलीला गुरुवार परवडणारा नव्हता. याआधी दोनदा गर्भ गर्भाशयात न पोचता नळीतच रुजला होता. पहिल्या वेळी डावी नळी काढावी लागली, दुसऱ्या वेळी उजवी इंजेक्शनांवर कशीबशी वाचली. गावाने तिच्या नावावर फुली मारली होती. डॉक्टरीणबाईंनी नव्हती मारली. “एक नळी आहे, गर्भाशय ठणठणीत आहे. होईल तुला,” त्या म्हणाल्या होत्या, “मात्र दिवस गेले की सहाव्या आठवड्यात यायचं. पुन्हा नळीत असला तर ती फुटेपर्यंत थांबायचं नाही.” वादळाने बोटी अडल्या आणि सातवा आठवडा संपत आला. त्यात सकाळपासून उजवीकडे दुखत होतं.

“कुठे दुखतंय विचार तिला,” बाहेरून आवाज आला.

“आत ये, मग सांगते.”

“ताई, अगं रीत आहे.”

लोसेली ताडकन उठून बसली. “मला रीत शिकवतोस? भावाने बहिणीचा शब्द मोडायचा नाही, ही कुणाची रीत रे? मी मेल्यावर मयताला द्यायच्या चटया घेऊन रडायला येशील, त्यापेक्षा आत्ता ये. आणि घाबरू नकोस, मला काही होत नाही. या खेपेला सगळं नीट आहे, मला माहितीये. तू फक्त बघ.”

सेमिसी आत आला, मान खाली घालून. पोटावर यंत्र आकेसाने फिरवलं. तो नुसता स्क्रीनकडे बघत “खाली... अजून थोडं डावीकडे” म्हणत राहिला. मग एकदम स्क्रीनजवळ वाकला.

“बोल की मेल्या! नळीत आहे?”

उत्तर त्याने नर्सला दिलं. “ताईला सांग, गर्भाशयात आहे. अगदी मधोमध. ठोकेही छान पडतायत. दुखणं साधं आहे.”

“बघ! म्हटलं नव्हतं मी?” लोसेली हसत होती आणि डोळ्यांना धार लागली होती.

आमच्याकडे बहिणीचं मूल म्हणजे मामाचा मालक. मामाच्या घरातली हवी ती वस्तू त्याने न विचारता उचलावी, मामाने हूं की चूं करू नये.

सेमिसी भिंतीकडे तोंड करून उभा होता. “आकेसा,” तो म्हणाला, “त्याला म्हणावं, मामाने नवी होडी घेतलीय. लवकर ये आणि घेऊन जा.”