सुदर्शनची हजेरी

मंत्र्यांची गाडी हुतात्मा स्मारकापाशी पोचली की दोर ओढायचा आणि मग कुणालाही आत सोडायचं नाही, असा आम्हा बंदोबस्तावरच्या पोलिसांना हुकूम होता. मागच्याच महिन्यात दुसरीकडं एका मंत्र्यावर शाई फेकली होती, त्यामुळे हुकूम चुकीचा नव्हता. मी दोर ओढला आणि साळुबाई धापा टाकत आल्या. हातातल्या पासावर 'वीरमाता साळुबाई केंगले' असं छापलेलं होतं. "भाऊ, ताफ्यासाठी रस्ता अडवला, एसटी तितंच हुबी ऱ्हायली. शिनोलीपासनं चालत आले. सोड की मला." "आजी, साहेब गेले की पहिलं तुम्हालाच सोडतो." "मग काय उपेग? हितं दरसाल शहिदांची हजेरी घेत्यात. नाव पुकारलं की घरच्यांनी 'हजर' म्हणायचं." माईकवर नावं सुरू झाली. पुढच्या खुर्च्यांवरून एकेक 'हजर' येत होतं. "नाईक सुदर्शन हौशीराम केंगले!" एक खुर्ची रिकामी होती. नाव पुन्हा आलं. साळुबाईंनी छाती भरून श्वास घेतला. गर्दीतून आवाज उठता कामा नये, हाही हुकूमच. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या वर्दीकडं पाहिलं आणि त्या गप्प राहिल्या. माईकवर पुढचं नाव आलं. ताफा गेल्यावर मी दोर सोडला. सगळं गाव स्मारकाकडं धावलं, साळुबाई जागच्या हलल्या नाहीत. "आता जा, आजी," मी म्हणालो. त्यांनी घामानं भिजलेला पास माझ्या हातात ठेवला. "आता कशाला? माझ्या सुदर्शनची आज पैल्यांदा गैरहजेरी लागली."