बर्फाचा कप्पा

शेजारच्या गावात घटसर्पाने घसा बंद होऊन दोन मुलं दगावली, म्हणून डॉ. प्रामेस्ती इंडोनेशियातल्या आमच्या मदुरा बेटावर मुलांच्या रक्ताचे नमुने घ्यायला आल्या होत्या. आज त्या निकाल घेऊन परत आल्या. आमच्या आरोग्य केंद्रात साठ मुलांना लसीचे तीन-तीन डोस दिलेले, पण एकाच्याही रक्तात घटसर्पाशी लढायची ताकद तयार झालेली नव्हती.

"सुमरियाबाई, लस ठेवायचात कुठे?"

आमच्या म्हाताऱ्या नर्सबाई दुखावल्याच. "बावीस वर्षं हेच करतेय, डॉक्टर. तुमच्या शहरासारखी वीज नाही इथे. ती गेली की खालचा कप्पा लगेच गरम होतो. म्हणून मी लस कायम वर बर्फात ठेवली, पोलिओची ठेवतात तशी. दगडासारखी टणक व्हायची! अहो, माझ्या नातीलासुद्धा तीच टोचलीय."

"ही लस गोठवायची नसते, बाई," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या. "एकदा गोठली की पाणी टोचल्यासारखंच."

 हातांना काहीतरी काम हवं म्हणून असेल, बाईंनी फ्रीज उघडला, त्याच कप्प्यातली आईसकांडी काढली आणि शाळेतून येऊन बाकावर बसलेल्या नातीपुढे धरली. एरवी ती पोरगी हातातून हिसकावून घेते.

 

"नको आजी. कालपासून गिळताना घसा दुखतोय."